निधनवार्तेतला एक शब्द

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी माझे वडील वारले तेव्हा तुमच्या पेपरात निधनवार्ता आली होती, चार ओळींची. शेवटची ओळ अशी, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, एक दत्तक कन्या, पुतणे असा परिवार आहे.’ मजकूर माझ्या चुलत भावानं नेऊन दिला होता, आम्ही घरात रडण्यात, कोण काय लिहून देतंय ते बघायला डोकं कुठं होतं. पेपरची चूक नाही, दिलं ते छापलं. पण तो एक शब्द वर्षभर डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. लांबलं तर कात्री लावा.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे, घरात तेलुगू, शाळा मराठी. नायना म्हणजे वडील आधी हातमागावर, नंतर दुसऱ्याच्या यंत्रमागावर चादरी-टॉवेल काढायचे, अम्मा घरी विड्या वळायची. मूलबाळ नव्हतं. १९७९ ला कोर्टाचा हुकूम घेऊन मला रीतसर घरी आणलं, दीड वर्षाची होते. कुठून आणलं ते इथं लिहीत नाही. माझ्यापासून मात्र कधी लपवलं नाही. तिसरी-चौथीत असेन, गल्लीतली एक पोरगी भांडणात म्हणाली तू तर आणलेली आहेस, मी रडत घरी. अम्मा मांडीवर सूप घेऊन बसली होती, वर न बघताच म्हणाली, ‘आणलंय की. दोन एसटी बदलून आणलंय. आता तो दोऱ्याचा रीळ दे इकडं.’ झालं, तो विषय तिथंच संपला, मला तर उलट वाटलं की गल्लीतल्या बाकीच्या पोरांसाठी कुणी एसटीचं तिकीट पण काढलेलं नाही.

मागावर ताण्याचा धागा तुटला की नायना दोन बोटांत अशी गाठ मारायचे की नंतर बोट फिरवलं तरी हाताला लागायची नाही, नख लावून शेपूट तोडायचे आणि माग परत चालू. मी त्यांच्याजवळ बसून कांड्या भरायचे, बघून बघून शिकले. आता युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात आहे, मशीनचा दोरा तुटला की माझा हात आपोआप तीच गाठ मारतो. शेजारची बाई विचारते ही कुठली गाठ गं, मी म्हणते आमच्या घरातली. माझी पोरगी इंजिनियरिंगला आहे, माग तिनं चालवलेला नाही, पण इयरफोनची वायर तुटली तर तशीच बांधून ठेवते.

आता रक्तात काहीच नसतं असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात फॉर्म भरायला दिला, घरात कुणाला शुगर, बीपी आहे का. मी सवयीनं भरलं, आईला शुगर, वडिलांना बीपी. पोरगी बघत होती, हळूच म्हणाली, आई, ते तुला कसं लागू होईल? पेन तसंच हातात राहिलं. मग खाडाखोड करून लिहिलं, माहीत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला जन्म देणाऱ्या त्या दुसऱ्या बाईचा विचार आला, तिला शुगर होती का, माझ्यासारखे तिचे पण गुडघे धरायचे का. पोरगीनं मोबाईलवर शोधून दाखवलं की २०२२ च्या दत्तक नियमावलीत मूळ शोधायची सोय आहे, अठरा वर्षांच्या वर असाल तर स्वतः अर्ज करता येतो, मात्र त्या आईला ओळख द्यायची नसेल तर तिचं गुपित सांभाळलं जातं. ते मला पटलं. अर्ज अजून केलेला नाही. अम्मा आहे तोवर करणार नाही बहुतेक, ती काही म्हणणार नाही, पण मलाच नको वाटतं.

आता घराचं. नायनांनी स्वतःच्या कमाईनं दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं शेड एवढं केलं. मृत्युपत्र नाही. अंत्यविधीला टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेच्या पुढं धरायचं मडकं, कुणी धरायचं हा प्रश्न आला तेव्हा चुलत भाऊ आपणहून पुढं झाला, मी काही बोलले नाही, म्हणलं त्याचा पण काका होता, जीव होता त्याचा. दहाव्यानंतर तोच माझ्या हातचा चहा पीत म्हणतो, ‘अक्का, तू आमचीच आहेस गं, पण घराचं म्हणजे रक्ताचं बघावं लागतं, अग्नी मी दिलाय.’ अम्मा आतून म्हणाली, काय बोलायलास रे, तर गप्प झाला. पण घराला आमची नावं लावायला ऑफिसात गेलो तर तिथं त्याचा हरकतीचा अर्ज आधीच पडलेला, सोबत पेपरचं तेच कात्रण, ‘दत्तक’ शब्दाखाली लाल पेननं रेघ.

तिथला क्लार्क चष्मा वर करून मला विचारतो, मॅडम, सख्खी का? मी पिशवीतून १९७९ चा हुकूम काढला, नायनांनी बँकेच्या पासबुकाबरोबर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला, घड्यांवर फाटत आलेला. त्यानं वाचला, मग कात्रण वाचलं, परत हुकूम बघितला आणि भावाकडं बघून म्हणाला, अहो, तुम्हीच लिहून दिलंय की कन्या म्हणून! भावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कात्रणाला तसा काही अर्थ नाही म्हणा, काम हुकुमानंच झालं, तरी मला हसू आलं.

वकिलांनी मला समजावलं ते थोडक्यात लिहिते, कारण माझ्यासारख्या गल्लोगल्ली आहेत. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा म्हणतो की दत्तक घेतल्या दिवसापासून ते मूल त्या घरचंच, जन्माच्या घराचे धागे तुटले. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या कमाईत बायको आणि मुलगी पहिल्या वर्गातले वारस, त्या असताना पुतण्याचा नंबरच लागत नाही. अग्नी कुणी दिला ते कायदा विचारत पण नाही. एकदा कायदेशीर दत्तक झालं की आईबापाला पण ते मोडता येत नाही. पुष्कळ लोकांना वाटतं दत्तक गेलेल्याला दोन्हीकडं वाटा मिळतो, तसं नाही, दत्तक जायच्या आधी जे नावावर झालं तेवढंच सोबत येतं. आणि जन्माच्या नात्यात लग्न करता येत नाही, म्हणजे रक्त विसरा पण लग्नापुरतं लक्षात ठेवा, आता ज्या पोराला ते नातं माहीतच नाही त्यानं काय करायचं ते कायदा सांगत नाही. गंमत म्हणजे त्या कायद्याच्या आधी रूढीचे अपवाद सोडले तर दत्तक मुलगाच घ्यायचे, मुलगी नाही. म्हणजे मी तीस वर्षं आधी जन्मले असते तर कन्या पण नसते आणि दत्तक पण नसते.

भावाच्या डीपीला शाहू जयंतीला शाहू महाराज असतात. ते कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. त्यांना कुणी दत्तक महाराज म्हणत नाही. आणि टिटव्यावरनं भांडण तर जोतिबा फुल्यांच्या घरी पण झालं. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, भाऊबंद उद्या त्रास देतील हे ओळखून १८८७ ला मृत्युपत्र केलं, तरी १८९० ला ते गेले तेव्हा भाऊबंदांनी यशवंताला टिटवं धरू दिलं नाही. सावित्रीबाईंनी स्वतः हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या. मी ते आधी वाचलेलं असतं तर त्या दिवशी अम्माच्या हातात दिलं असतं. तोच यशवंत पुढं डॉक्टर झाला, प्लेगात सावित्रीबाईंबरोबर त्यानं काम केलं. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला १८७५ पासून प्रार्थना समाजाचा बालकाश्रम आहे, म्हणजे टाकलेली पोरं घरी आणणं आपल्याकडं काही कालपरवाचं नाही, पण शब्द अजून तसाच टोचतो.

म्हणून विनंती एवढीच की निधनवार्तेचा मजकूर टेबलावर आला की ‘दत्तक’ शब्द खोडून टाकत जा. कोर्टाच्या बातमीत लागत असेल तर छापा, पण मेलेल्या माणसाचा परिवार सांगताना कशाला? सून लिहिता तेव्हा ‘दुसऱ्या घरची’ असं कुणी लिहितं का?

पुढच्या महिन्यात नायनांचं वर्षश्राद्ध आहे, जाहिरात द्यायला या वेळी मीच येणार. मजकूर वहीत लिहून ठेवलाय. शोकाकुल : पत्नी, कन्या, जावई, नात, पुतणे. भावाचं नाव पण घातलंय, अम्मा म्हणाली राहू दे त्याचं, धागा नको तोडू.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर