मॅडम, प्रबंधात जे मावलं नाही

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

प्रबंधाच्या पहिल्या पानांत तुमचे आभार मानलेत, पण ते इंग्रजीत आणि रीतीप्रमाणे. खरे आभार ज्याचे मानायचे ते तिथं शोभलं नसतं, म्हणून हे उघड पत्र. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी पोरं इंजिनिअरिंग करून संशोधनाकडे वळतायत, त्यांच्याही नजरेला पडलं तर बरंच.

मेकॅनिकलचं एम.टेक. करून मी तुमच्या गटात आले, तेव्हा 'अभियांत्रिकी शिक्षणावर संशोधन' म्हटलं की लोक विचारायचे, "मशीन कुठं आहे तुमचं?" अभियांत्रिकीच्या पदव्या देशोदेशी मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. सीओ-पीओचे, म्हणजे विषयातून आणि अख्ख्या पदवीतून मुलांना काय यायला हवं याचे, तक्ते भरण्याचा सपाटा कॉलेजांत चालूच होता, आणि आपलं काम म्हणजे त्याच तक्त्यांची पुढची पायरी असं बऱ्याच जणांना वाटायचं. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा तुम्ही आम्हाला मुलाखती घ्यायला बसवलंत.

खानापूर तालुक्यातला तो मुलगा आठवतो? दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी. वर फेकलेल्या चेंडूवर हवेत असताना कुठली बलं लागतात, एवढाच प्रश्न. त्यानं गुरुत्वाचा बाण खाली काढला आणि आणखी एक बाण वर. का, तर "हाताचा जोर अजून आहे की त्यात!" हा समज जगभरच्या पोरांत सापडतो. १९९२ मध्ये हेस्टेनीस आणि सहकाऱ्यांनी फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी ही चाचणी काढली ती असलेच समज हुडकायला. हात सुटल्यावर हाताचं बल उरतच नाही, म्हणजे उत्तर चुकलंय हे दिसत होतं, आणि माझ्यातल्या मास्तरणीची जीभ वळवळायला लागली होती. मागच्या बाकावरून तुम्ही नुसतं ओठांवर बोट ठेवलंत. बराच वेळ काहीच नाही. मग तो आपणहून म्हणाला, "पण माथ्यावर पोचल्यावर तो जोर जातो कुठं?" वरचा बाण त्यानं खोडला नाही, अर्धा केला. त्या अर्ध्या बाणावर माझं अख्खं चौथं प्रकरण उभं आहे.

दुसरी गोष्ट संमतीपत्राची. आपण ज्या वर्गाला शिकवतो त्या वर्गातल्या मुलांच्या मुलाखती घ्यायच्या नाहीत, हा तुमचा दंडक तेव्हा जाचक वाटायचा. दुसऱ्या कॉलेजात जाऊन परवानग्या काढण्यात दिवसच्या दिवस जायचे. पण ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्याला कुठला मुलगा 'नको' म्हणेल? कागद मराठी आणि कानडी दोन्हीत हवा, आणि सही घेण्याआधी "यातलं काय कळलं ते सांग" असं विचारायचंच. तुमच्या या हट्टाचं मोल मला आता कळतंय, कारण इतर ठिकाणी हा कागद हजेरीपटासारखा फिरवलेला मी पाहिला आहे.

शुक्रवारच्या मीटिंगबद्दल किती लिहू! तुमचा स्वतःचा परत आलेला लेख, परीक्षकांच्या टोचऱ्या शेऱ्यांसकट, तुम्ही पडद्यावर लावायचात आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारायचात, "यातलं कुठलं म्हणणं बरोबर आहे?" ती बिचारी घामाघूम व्हायची. लेखकांचा क्रम कामाच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला जायचा, त्यामुळे पुढं रुसवेफुगवे झाले नाहीत. आणि साडेचारला मीटिंग संपायची म्हणजे संपायची, कारण चिकोडीच्या पोरींना बस गाठायची असे. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण त्याच्यामुळे दोघीजणी पीएचडीत टिकल्या असं माझं ठाम मत आहे.

शिकवण्याच्या पद्धतींची तुलना करणारा २०१४ चा फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा निबंध आम्ही प्रत्येक सादरीकरणात घुसडायचो: २२५ अभ्यास, नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापास सरासरी ३३.८ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २१.८. एकदा तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हे झालं त्यांचं. आपल्याकडं कोण नापास होतंय, कुठल्या गावचं, ते ठाऊक आहे काय कुणाला?" कुणालाच नव्हतं. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या विद्यापीठाचं, मुख्यालय १९९८ पासून आपल्याच बेळगावात, आणि आम्ही मात्र प्रश्न परदेशी निबंधांत शोधत होतो. पुढच्या आठवड्यात सगळे निकालपत्रकं घेऊन बसलो, आणि गटातल्या दोन प्रबंधांचे विषय तिथून निघाले.

एक तक्रार मात्र करणारच. तुमचं अक्षर! समासातले शेरे लावण्यापेक्षा मोडी वाचणं सोपं. "इथे तू का थांबलीस?" हे मी कितीतरी दिवस "इथे तूप का थापलंस?" असं वाचत होते, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

या जूनपासून माझ्याकडेही एक विद्यार्थिनी आली आहे, निपाणीची. हुशार आहे, फार बोलते, मुलाखतीत गप्प बसायला तिला जड जाणार. तिच्या संमतीपत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. सवडीनं बघा म्हणाले असते, पण मुलाखती सोमवारपासून आहेत.

तुमची विद्यार्थिनी