बामणोलीच्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

साताऱ्याला परतून तीन आठवडे झाले. रोज लिहायला बसते आणि गळा दाटून येतो. आज मात्र लिहूनच उठणार आहे.

माझ्या कादंबरीतली बाई १७०८ च्या जानेवारीत, शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, तान्ह्यातून नुकतंच उठलेलं पोर कडेवर घेऊन कोयनेच्या खोऱ्यातून साताऱ्याला निघते. तिला पोचायला किती वेळ लागेल, एवढंच मी विचारत फिरत होते. एका अभ्यासकांनी 'काटक माणसं होती, दिवसात पोचेल' म्हणून फोन ठेवला. एका संपादकांनी 'वाचक काय टेप घेऊन बसणार आहे का?' असं विचारलं. ते फार लागलं. तिचे पाय, तिची तहान, पोराचं रडणं खोटं लिहायचं आणि राज्याभिषेकाची तिथी तेवढी खरी द्यायची?

नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा आडाखा मी लावून आणला होता: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. बामणोली ते कास सव्वातीन तास येत होते. तुम्ही ऐकून घेतलंत. 'हे रिकाम्या हाताचं झालं,' म्हणालात, आणि बारा किलो तांदूळ जुन्या लुगड्यात बांधून माझ्या कडेवर दिलेत.

दिवस कासराभर वर आल्यावर निघालो. खालची जुनी वाट शिवसागरात, कोयना धरणाच्या पाण्यात, बुडालेली. ती कुठून यायची ते काठावरून हातानं दाखवलंत. मग तुम्ही पुढं व्हाल म्हणून मी थांबले, तर तुम्ही हललाच नाहीत.

'ताई, तुमी म्होरं व्हा. मी म्होरं झालो तर तुमी माझ्या चालीनं चालशीला.'

मामा, या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. सत्तरी ओलांडलेले, हा डोंगर जन्मभर चढलेले तुम्ही, पाच तास माझ्या मागनं चाललात. मी टेकले की तुम्हीही थांबायचात, चार पावलं मागं. एकदाही 'चला' म्हणाला नाहीत. गाठोडं घसरलं तेव्हा सावरायला हात पुढं केलात आणि तसाच मागं घेतलात. तिला सावरायला कुणी नव्हतं, हे तुमच्या ध्यानात होतं. माझ्या कामाशी तुमचं काही देणंघेणं नसताना एवढी जाण ठेवलीत. अशी माणसं गावोगाव आहेत, आणि आम्ही लिहिणारे फोनच करत बसतो.

कासला दिवस कलला होता. पुढं यवतेश्वरावरून साताऱ्यापर्यंत पंचवीसेक किलोमीटर, आणि जानेवारीत सव्वासहाला दिवस मावळतो. म्हणजे मुक्काम आलाच. त्या थंडीत पोर घेऊन ती कुणाच्या दारात थांबली, हे मी लिहिलंच नव्हतं. आता ते कादंबरीतलं सगळ्यात मोठं प्रकरण आहे.

तांदूळ तुम्ही परत घेतले नाहीत. 'पोराचं हाय ते,' म्हणालात. लुगड्याची गाठ मी सोडली नव्हती. काल ते प्रकरण पुरं झालं. आज त्यातला पसाभर तांदूळ चुलीवर ठेवलाय.