तक्रार पत्र : बेल्ट अपग्रेड किटमधला आखूड बेल्ट आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : मोटरसायकलच्या बेल्ट अपग्रेड किटमध्ये चुकीच्या लांबीचा बेल्ट देणे, तो ताण मोजायच्या गेजशिवाय बसवणे आणि त्यातून झालेल्या नुकसानीची जबाबदारी नाकारणे

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचं बेल्ट अपग्रेड किट मी मार्चमध्ये विकत घेतलं आणि आपल्याच नागपूरच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवून घेतलं. मे संपायच्या आत गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं (ज्या दांड्यावर पुढची पुली बसते त्याचं) बेअरिंग गेलं, तिथल्या सीलमधून ऑइल गळायला लागलं आणि नवाकोरा बेल्ट दातांच्या मुळाशी तडकला. वॉरंटीचा दावा केला तर ‘बाहेरील वस्तूमुळे नुकसान’ एवढं एक वाक्य ईमेलवर आलं. बेल्ट कोणी तपासला, काय पाहिलं, कशावरून ठरवलं, याचा त्यात पत्ता नाही. हे कारण मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहितो, कारण किट विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या लोकांनी हे वाचणं गरजेचं आहे.

माझी गाडी मूळचीच बेल्टवर चालणारी क्रूझर आहे, म्हणजे तिचं मागचं चाक चेनऐवजी दातेरी बेल्टने फिरतं. रोज मनीषनगरहून बुटीबोरीला जाणं-येणं, बहुतेक सगळा वर्धा रोड, एका वेगात. अशा रस्त्यावर इंजिन थोडं कमी फिरलं तर बरं, म्हणून पुढची पुली २८ दातांऐवजी ३० दातांची घ्यायचं ठरवलं. ३० भागिले २८ म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे सुमारे ७ टक्क्यांनी कमी. सोबत कार्बन तंतूंचा मजबूत बेल्ट. आपल्या जाहिरातीत हेच दोन फायदे लिहिले आहेत आणि त्यात खोटं काही नाही. घोटाळा पुढे आहे.

या बेल्टच्या दोन दातांमधलं अंतर १४ मिलिमीटर आहे. पुढच्या पुलीला दोन दात वाढले की साधारण एका दाताइतका बेल्ट तिच्याभोवती जास्त गुंडाळला जातो. तो येणार कुठून? वरच्या आणि खालच्या सरळ भागातून. दोन्हीकडचा मिळून १४ मिलिमीटर बेल्ट कमी झाला की मागचं चाक ७ मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. माझ्या स्विंगआर्ममध्ये (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या हातात) एक्सलला, म्हणजे चाकाच्या दांड्याला, पुढे सरकायला तेवढी जागाच नाही. त्यावर उपाय अगदी सोपा आहे : किटमध्ये एक दात जास्त असलेला बेल्ट द्यायचा. मग चाक होतं तिथेच राहतं आणि ताणही बरोबर बसतो. आपण मात्र मूळ मापाचाच बेल्ट दिला. दातांचा आकडा दोन्ही बेल्टच्या पाठीवर छापलेला आहे, जुन्यावर आणि नव्यावर एकच. शेजारी ठेवून काढलेला फोटो जोडला आहे.

आपल्या वर्कशॉपमधल्या मुलाच्या हे लक्षात आलं होतं. एक्सल पुढच्या टोकाला टेकला तरी बेल्ट बाजेच्या दोरीसारखा ताठ होता. मी विचारलं तर म्हणाला, “थोडा टाइट वाटून राहिला भाऊ, पण गाडी चालली का होते ढिला.” चेनच्या बाबतीत त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. चेनच्या पिना आणि बुश झिजतात, म्हणून ती हळूहळू लांबते. कार्बन तंतूंचा बेल्ट तसा लांबत नाही, त्यासाठीच तर त्यात कार्बन घालतात. त्या मुलाला मी दोष देत नाही. बेल्टचं प्रशिक्षण त्याला कुणी दिलेलं नाही आणि ताण मोजायचं गेज त्या वर्कशॉपमध्ये नव्हतं. बेल्ट त्याने अंगठ्याने दाबून पाहिला. खरी रीत अशी आहे : गाडी थंड असताना बेल्टच्या खालच्या भागाच्या मध्यावर गेजने सुमारे साडेचार किलोचा जोर द्यायचा, बेल्ट किती मिलिमीटर सरकतो ते पाहायचं, मग चाक थोडं थोडं फिरवून पुन्हा मोजायचं आणि सगळ्यात घट्ट जागा सापडेल तिथे गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा जुळवायचा. जॉब कार्डवर ताणाचा रकाना कोरा आहे.

थंड गाडीवर मोजायचं त्याला कारण आहे. गाडी तापली की ॲल्युमिनियमच्या पुल्या आणि स्विंगआर्म प्रसरण पावतात, पण बेल्टमधले कार्बनचे तंतू जवळपास आहेत तेवढेच राहतात. त्यामुळे गरम गाडीत बेल्ट आणखी ताणला जातो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, सिमेंटच्या रस्त्यावर दुपारी उभं राहवत नाही. त्यात मागे कुणी बसलं की सस्पेन्शन खाली दबतं. स्विंगआर्म ज्याच्याभोवती हलतो तो खिळा आणि पुढची पुली एका केंद्रावर नाहीत, त्यामुळे चाक वर-खाली होताना बेल्टचा ताण बदलतो. पुली, खिळा आणि एक्सल एका रेषेत आले की तो सर्वांत जास्त. आम्ही दोघं रामटेकला गेलो ते मे महिन्यातच, आणि परतताना कामठीच्या अलीकडे गाडीखालून किरकिर ऐकू यायला लागली. स्टँडवर रिकाम्या गाडीत आधीच ताठ असलेला बेल्ट, त्यावर उन्हाची आणि वजनाची भर. हा सगळा भार सोसायचा कोणी? आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगने. तेच आधी गेलं.

किरकिर घेऊन वर्कशॉपला गेलो तर त्यांनी बेल्टवर चेनचा स्प्रे मारला. आवाज काही वेळ बसला. बेल्टला तेल, ग्रीस, चेन ल्यूब यातलं काहीही लागत नाही. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड एवढीच त्याची साफसफाई. स्प्रेच्या चिकट थरावर वर्धा रोडची धूळ आणि गिट्टीची चुरी बसते आणि पुलीच्या दातांवर कानसासारखी घासते. पुलीचा कडक मुलामा आता दोन ठिकाणी निघालेला दिसतो. मुलामा गेलेली पुली पुढचा बेल्टही खाणार, म्हणून नुसता बेल्ट बदलून देणं मला पुरेसं वाटत नाही.

आता आपल्या ‘बाहेरील वस्तू’बद्दल. दगड बेल्ट आणि पुलीच्या मध्ये सापडला की एका जागी छिद्र पडतं किंवा खाच येते आणि तिथले तंतू विसकटतात. ती जागा नुसत्या बोटाने कळते. माझ्या बेल्टवर असं एकही छिद्र नाही. तडे आहेत ते दातांच्या मुळाशी, एकापाठोपाठ एक कितीतरी दातांवर, आणि दोन दातांमधला सपाट भाग चकाकत झिजलेला आहे. ही जास्त ताणाची खूण आहे. आणि बाहेरून आलेला दगड गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग कसं काय खराब करील? बेल्ट पाहणाऱ्याने मागच्या चाकाबरोबर शाफ्टही हलवून पाहिला असता तर हा प्रश्न पडला असता. मला वाटतं, बेल्ट कोणी पाहिलाच नाही. दाव्यासोबत पाठवलेल्या फोटोंवर एक नजर टाकून उत्तर दिलं गेलं.

बेल्टच मुळात आपल्या रस्त्यांना चालत नाही, असं आपल्या फोनवरच्या प्रतिनिधीने मला ऐकवलं. मग आपण तो विकता कशाला? हार्ले-डेव्हिडसनने १९८० साली स्टर्जिस मॉडेलमध्ये बेल्ट आणला, त्याला चाळीस वर्षांहून जास्त काळ झाला. हरियाणातल्या बावलच्या कारखान्यात बनलेल्या स्ट्रीट ७५० ला मागे बेल्टच होता आणि त्या गाड्या याच देशातल्या रस्त्यांवर धावल्या. आज विजेवर चालणाऱ्या कितीतरी दुचाकी मागचं चाक दातेरी बेल्टनेच फिरवतात. माझा मूळ बेल्टही याच वर्धा रोडवर, याच उन्हाळ्यांत, काही तक्रार न करता चालला. मी तो काढला तेव्हा तो खराब झालेला नव्हता. बेल्टची शांत, स्वच्छ चाल मला मनापासून आवडते, म्हणूनच मी चेनकडे न वळता आपलं किट घेतलं.

आपल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘मेंटेनन्स फ्री’ लिहिलेलं आहे. ते काढा. बेल्टला तेलपाणी नको, पण ताण मोजावा लागतो, चाक सरळ रेषेत आहे का ते पाहावं लागतं, बेल्ट पुलीच्या एकाच कडेला घासत नाही ना हे बघावं लागतं, पुलीत अडकलेले खडे काढावे लागतात. बसवताना बेल्ट मुडपायचा नाही, पिळायचा नाही, उलटा करायचा नाही. एकदा घडी पडली की आतले तंतू दुखावतात आणि बाहेरून काही दिसत नाही. यातलं एक अक्षरही किटसोबतच्या कागदावर नाही. कागदावर आहे ती फक्त वॉरंटीची नकारघंटा, तीही इंग्रजीत.

माझ्या मागण्या अशा आहेत. ३० दातांच्या पुढच्या पुलीला जुळेल असा एक दात जास्त असलेला बेल्ट आणि दोन्ही पुल्या नव्या द्याव्यात. आउटपुट शाफ्टचं बेअरिंग, सील आणि ते उघडण्याची मजुरी आपण भरावी. बाहेरच्या गॅरेजचा लेखी अंदाज सोबत आहे. काम नागपुरातच, पण गेज आणून, आणि ताणाचा आकडा जॉब कार्डवर लिहून व्हावं. चौथी मागणी माझ्यासाठी नाही. हेच किट याच गाडीसाठी आपण आणखी ज्यांना विकलं असेल त्यांना कळवावं आणि त्यांची गाडी तपासून द्यावी. शाफ्टचं बेअरिंग भर हायवेवर जाम झालं तर मागचं चाक अडकतं, आणि मागे ट्रक असला तर माणूस वाचत नाही. ही मागणी मी सोडणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करीन आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरात मला यावं लागणार नाही. जुना आणि नवा असे दोन्ही बेल्ट मी जपून ठेवले आहेत. आपल्या तंत्रज्ञाला ते माझ्या घरी येऊन पाहता येतील, पण पावती घेतल्याशिवाय ते मी कुणाच्या हाती देणार नाही.

सोबत : किटचं बिल, दोन्ही वेळच्या जॉब कार्डांच्या प्रती, बेल्ट आणि पुलीचे फोटो, आपला नकाराचा ईमेल, गॅरेजचा लेखी अंदाज.

आपला ग्राहक,
मनीषनगर, नागपूर
(नाव, पत्ता आणि फोन क्रमांक बिलावर आहेत)