मागणीपेक्षा कमी आलेली क्रश सँड आणि सळई : पुरवठादार कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व वितरण विभाग,
(बांधकाम साहित्य पुरवठादार कंपनी), नाशिक.

विषय : मखमलाबाद येथील बांधकामासाठी मागवलेली क्रश सँड व १२ मिमी सळई बीजकापेक्षा कमी मिळाल्याबाबत.

महोदय,

मखमलाबाद शिवारात माझ्या स्वतःच्या राहत्या घराचे बांधकाम चालू असून पहिल्या मजल्याचा स्लॅब आणि त्यापुढील वीटकाम यांसाठी लागणारे साहित्य मी आपल्या कंपनीकडून मागवले होते. त्यात ८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, १,२०० किलो १२ मिमी सळई, ८०० किलो ८ मिमी सळई आणि १२० गोणी सिमेंट यांचा समावेश होता आणि आपल्या नियमाप्रमाणे त्याची संपूर्ण रक्कम मी आगाऊ भरली आहे. माल आल्यावर मोजणी केली असता क्रश सँड १.२१ ब्रासने आणि १२ मिमी सळई सुमारे ८१ किलोने कमी भरली. आपल्या कार्यालयाशी दूरध्वनीवर बोलल्यावर "चलनावर तुमच्याकडची सही आहे, आता काही करता येणार नाही" एवढेच उत्तर मिळाले. म्हणून मोजणी कशी केली आणि तिच्यात आपल्या बाजूने किती सूट धरली, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे. तिच्यात काही चुकीचे वाटत असेल तर ते कोणत्या आकड्यात, हे आपण मला लेखी दाखवावे.

प्रथम क्रश सँडविषयी. प्रत्येकी ४ ब्रासच्या दोन खेपा ठरल्या होत्या आणि बीजकही त्याप्रमाणे ८ ब्रासचे आहे. पहिली गाडी पहाटे आली आणि आमच्या वॉचमनची सही घेऊन तिने माल ओतला, त्यामुळे तिचे माप घेता आले नाही. दुसरी गाडी आली तेव्हा मी आणि आमचे मिस्त्री दोघेही साइटवर हजर होतो. गाडीची बॉडी, म्हणजे माल भरायचा हौदा, आतून १४ फूट लांब आणि साडेसात फूट रुंद भरली, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ १०५ चौरस फूट झाले. १०० घनफुटांचा एक ब्रास या हिशेबाने ४ ब्रास माल असेल तर त्या बॉडीत सँडची उंची जवळजवळ ३ फूट १० इंच असायला हवी. दोन मजुरांकडून वरचा ढीग फावड्याने सारखा करून घेतल्यावर चारही कोपऱ्यांत, मध्यभागी आणि दोन्ही फळ्यांच्या कडेला सळई तळापर्यंत खुपसून उंची पाहिली, तेव्हा सरासरी सव्वातीन फूट आली. म्हणजे त्या गाडीत ३४१ घनफूट, अर्थात ३.४१ ब्रास सँड होती. बॉडीच्या पुढच्या बाजूला ती उचलणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचा खोका बरीच जागा अडवतो. ती जागा मी वजा केलेली नाही, म्हणजे हे माप आपल्यालाच थोडे झुकते आहे.

यावर आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर असे सांगितले की वाटेतल्या हादऱ्यांनी माल खाली बसतो, त्यामुळे बॉडीतली उंची कमी दिसते. ही गोष्ट खरी आहे, मात्र बसलेल्या मालाचे वजन कमी होत नाही. दोन्ही खेपांसोबत आपणच पाठवलेल्या वजनकाट्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत आणि त्यांवर मालाचे निव्वळ वजन पहिल्या खेपेत १५.४८० टन आणि दुसऱ्या खेपेत १५.६२० टन असे छापलेले आहे. दर ठरवताना आपल्याच कार्यालयातून मला सांगण्यात आले होते की आपली क्रश सँड एका ब्रासला साधारण साडेचार टन भरते. त्या हिशेबाने ४ ब्रासचे वजन १८ टनांच्या आसपास यायला हवे होते. उलट मी मोजलेले ३.४१ ब्रास आणि पावतीवरचे १५.६२० टन यांचा भागाकार केला तर एका ब्रासचे वजन ४.५८ टन येते. टेपने घेतलेले माप आणि आपल्या काट्यावरचे वजन ही दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेली उत्तरे इतकी जवळ येत असतील, तर मोजणीवर शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही, असे मला वाटते. गाडीत खरोखरच ४ ब्रास होते असे मानायचे झाले, तर आपली सँड ब्रासला ३.९ टनच भरते असे म्हणावे लागेल आणि मग आपणच सांगितलेला आकडा खोटा ठरेल.

पहिल्या खेपेचा माल त्याच दिवशी, त्याच क्रशरवरून, सारूळकडूनच निघाला होता. म्हणून दुसऱ्या खेपेवरून निघालेले वजन आणि घनफळाचे प्रमाणच मी तिलाही लावले आहे आणि तसे केल्यावर ती ३.३८ ब्रास येते. दोन्ही खेपा मिळून ६.७९ ब्रास माल मिळाला आणि पैसे ८ ब्रासचे घेतले गेले. ही तूट सुमारे १५ टक्के आहे. एवढ्या फरकाला अंदाजातली चूकभूल म्हणता येत नाही.

येथे आणखी एक बाब नोंदवते, मात्र तिच्यासाठी मी पैसे मागत नाही. आलेली सँड ओलसर होती, आणि ओलसर बारीक वाळू फुगते, म्हणजे तेवढ्याच वजनाची वाळू जास्त जागा व्यापते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. मिस्त्रींनी सरळ कडांच्या काचेच्या बरणीत ती सँड सहा इंचांपर्यंत भरून वर पाणी ओतून ढवळली, तेव्हा ती पाच इंचांवर येऊन थांबली. म्हणजे फुगवटा २० टक्के निघाला. ब्रासचा दर सैल मालाच्या मापावर ठरतो हे मला मान्य असल्यामुळे हा फुगवटा मी हिशेबात धरलेला नाही. एवढी सूट देऊनही तूट १५ टक्के राहते, हे आपल्या लक्षात यावे म्हणून लिहिले.

दुसऱ्या गाडीच्या चालकाने कारण अगदी सरळ सांगितले. सध्या ओव्हरलोड गाड्यांवर कारवाई होत असल्याने क्रशरवर बॉडी पूर्वीइतकी भरत नाहीत, असे तो म्हणाला. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नये हे योग्यच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार असण्याचे कारण नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की गाडीत माल कमी भरायचे ठरले तेव्हा बीजकावरचा आकडाही त्याच दिवशी खाली यायला हवा होता. नियम पाळण्याचा खर्च ग्राहकाच्या खात्यावर न सांगता टाकणे हा व्यवहार नव्हे.

आता सळईविषयी. चलनावर १२ मिमीचे १,२००.००० किलो आणि ८ मिमीचे ८००.००० किलो असे लिहिलेले आहे आणि त्यासोबत काट्याची पावती नाही. काट्यावर चढलेले लोखंड इतक्या गोल आकड्यात कधी येत नाही. हे आकडे मागणीपत्रावरून उतरवून घेतलेले दिसतात, प्रत्यक्ष वजनाचे नव्हे. गाडीतून उतरवताना आम्ही सळया एकेक करून मोजल्या. १२ मिमीच्या १०७ आणि ८ मिमीच्या १६८ भरल्या, आणि काही सळयांची लांबी टेपने पाहिली असता ती १२ मीटर होती. भारतीय मानक १७८६ प्रमाणे १२ मिमी सळईचे प्रमाणित वजन मीटरला ०.८८८ किलो आणि ८ मिमीचे ०.३९५ किलो आहे. त्यानुसार ८ मिमीचे एकूण वजन ७९६ किलो येते आणि तीन-चार किलोंचा तो फरक मी सोडून देत आहे. १२ मिमीचे मात्र प्रमाणित वजन धरूनही १,१४० किलोच येते, म्हणजे ६० किलो कमी.

सळईच्या वजनात थोडा फरक मानकालाच मान्य असतो, हे उत्तर आपल्याकडून येईल असे गृहीत धरून मी १२ मिमीच्या तीन वेगवेगळ्या सळयांचे बरोबर एक मीटरचे तुकडे कापून इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घेतले. त्यांचे वजन ०.८७२, ०.८६८ आणि ०.८७५ किलो भरले, म्हणजे सरासरी प्रमाणित वजनापेक्षा दोन टक्क्यांहून थोडी कमी घट. १२ मिमीसाठी मानकात ५ टक्के कमी-अधिक चालते, त्यामुळे सळईच्या दर्जाबद्दल मी काहीच म्हणत नाही. ती सळई स्लॅबमध्ये वापरलीही आहे. परंतु ही मुभा उत्पादकाला दिलेली असते आणि ती सळईच्या मीटरमागच्या वजनापुरती असते. मी सळई नगावर घेतलेली नाही, किलोवर घेतली आहे. सळई हलकी असेल तर त्याच वजनाला नग जास्त यायला हवेत, येथे तर नगही कमी आहेत. प्रत्यक्ष सरासरी वजनाने १०७ सळयांचे १,११९.२ किलो होतात, म्हणून तूट ८०.८ किलोंची आहे.

सिमेंटबद्दल तक्रार नाही. १२० गोण्या पूर्ण आल्या, मधूनमधून निवडून तोललेली प्रत्येक गोणी ५० किलोंच्या वर भरली आणि गोण्यांवरचा उत्पादनाचा आठवडाही ताजा होता. चांगले झाले तेही लिहावे, म्हणून ही नोंद.

राहिला प्रश्न सहीचा, ज्याच्या आधारावर आपण हा विषय संपवू पाहत आहात. आपल्या चलनाच्या तळाशी "वरील माल मोजून व तपासून सुस्थितीत मिळाला" असे आधीच छापलेले आहे, आणि ही सही माल उतरवण्यापूर्वी घेतली जाते, कारण सही झाल्याशिवाय चालक बॉडी उचलत नाही. जो माल अजून गाडीतच आहे तो मोजून मिळाला, असे वॉचमनने पहाटेच्या अंधारात कशाच्या आधारे लिहून द्यायचे? गाडी आली, एवढेच ती सही सांगते. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम ४१ प्रमाणे आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे धरले जात नाही, आणि कलम ३७ प्रमाणे ठरल्यापेक्षा कमी आलेला माल ग्राहकाने ठेवून घेतला तर त्याने ठरलेल्या दराने तेवढ्याच मालाचे पैसे द्यायचे असतात. मी माल ठेवून घेतला आहे आणि त्याचे पैसे देण्यास तयार आहे. जो आलाच नाही, त्याचे पैसे मला परत हवे आहेत.

बीजकातील दराप्रमाणे १.२१ ब्रास सँडचे ब्रासला ४,२०० रुपयांनी ५,०८२ रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी मिळून ५,३३६.१० रुपये होतात. ८०.८ किलो सळईचे किलोला ५८ रुपयांनी ४,६८६.४० रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून ५,५२९.९५ रुपये होतात. अशी एकूण १०,८६६.०५ रुपयांची रक्कम आपण माझ्या बँक खात्यात परत करावी आणि तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे बीजकातली रक्कम कमी केल्याचा कागद, द्यावी. कमी पुरवठा झाल्यावर क्रेडिट नोट देण्याची तरतूद जीएसटी कायद्यात आहेच, त्यामुळे कराचा भाग आपल्याला पदरचा भरावा लागेल असे नाही. रकमेऐवजी उरलेला माल पाठवतो असे आपल्या प्रतिनिधींनी सुचवले होते, मात्र सळईची गरज आता संपली आहे आणि वीटकाम खोळंबू नये म्हणून सँड मी दुसरीकडून घेतली आहे. म्हणून ते मला मान्य नाही.

रकमेइतकेच महत्त्वाचे वाटते ते पुढच्या पुरवठ्याचे. प्लास्टरसाठी ६ ब्रास बारीक सँडची माझी मागणी आपल्याकडे अद्याप बाकी असून तिचे पैसेही भरलेले आहेत. ती गाडी दिवसाउजेडी, किमान दोन तास आधी कळवून यावी. चलनावर बॉडीची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची लिहिलेली असावी. आणि माल ओतण्यापूर्वी मला टेप लावू द्यावा. मापावरून मतभेद झाला तर पेठ रोडवरील, चालू वर्षाचा पडताळणी शिक्का असलेल्या कोणत्याही वजनकाट्यावर गाडी आधी भरलेली आणि नंतर रिकामी अशी दोनदा तोलावी. त्याचा खर्च माप बरोबर निघाल्यास मी देईन. चलनावरील छापील मजकूर बदलून माल मोजल्यानंतरच्या सहीसाठी आपण वेगळी जागा ठेवली, तर अशी पत्रे लिहिण्याची वेळ इतर ग्राहकांवरही येणार नाही आणि आपल्या चालकांनाही साइटवर वाद घालत बसावे लागणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नाशिक येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ठरलेल्यापेक्षा कमी माल देणे हा वैधमापनशास्त्र (वजन व मापे) कायदा, २००९ च्या कलम ३० चाही विषय असल्याने वैधमापनशास्त्र विभागाच्या येथील कार्यालयालाही या पत्राची प्रत देईन. माझ्या बाजूने हे सर्व आपापसांत मिटावे अशीच इच्छा आहे, कारण घराचे अर्धे काम अजून व्हायचे आहे आणि आपल्या सिमेंटबद्दल व सळईच्या दर्जाबद्दल माझे मत चांगले आहे.

बीजक, दोन्ही खेपांची चलने, काट्याच्या पावत्या, बॉडीत टेप लावून काढलेली छायाचित्रे आणि सळईच्या तुकड्यांच्या वजनाची पावती यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. सळईचे ते तीन तुकडे मी जपून ठेवले आहेत आणि आपल्या प्रतिनिधींना ते साइटवर येऊन केव्हाही तोलून पाहता येतील. आपले लेखी उत्तर येईपर्यंत प्लास्टर सँडची गाडी पाठवू नये.

आपली विश्वासू,
(ग्राहकाची स्वाक्षरी)
मखमलाबाद, नाशिक