अंधारातच चालणारे टचपॅनल

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मीटिंग रूमच्या व्हिडिओ संचातील टचपॅनलसोबत कमी क्षमतेचा इंजेक्टर पाठवल्याबद्दल आणि तक्रारीचे तिकीट परस्पर बंद केल्याबद्दल.

महोदय / महोदया,

आमच्या मोठ्या मीटिंग रूमसाठी आम्ही आपला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा संच घेतला. कॅमेरा, कोडेक (चित्र आणि आवाज पलीकडे पोचवणारी मुख्य पेटी), टेबलावरचे दोन माइक आणि हे सगळे चालवणारे टचपॅनल. कॅमेऱ्याबद्दल काही म्हणणे नाही. माइकबद्दल तर नाहीच. टेबलाच्या टोकाला बसून कुजबुजणाऱ्यांचेही आता पलीकडच्यांना स्पष्ट ऐकू जाते आणि त्यामुळे दोघातिघांची पंचाईत झाली आहे, तो भाग वेगळा. तक्रार आहे ती फक्त टचपॅनलची. आपल्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'पंधरा मिनिटांत तयार' असे छापले आहे. आम्हाला अकरा दिवस लागले.

आमच्याकडे नेटवर्क, प्रिंटर, दरवाजाची कार्डे हे सगळे मीच बघते, त्यामुळे पॅनलही माझ्याकडेच आले. त्या खोलीतला स्विच साधा आहे, केबलमधून वीज देणारा नाही. आपल्या खोक्यात पीओई इंजेक्टर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधून वीज सोडणारी छोटी पेटी, होताच, म्हणून तोच लावला. लोगो आला, पट्टी सरकली, भाषा विचारली. भाषा निवडली आणि स्वागताचा पांढराशुभ्र पडदा उजळला न उजळला तोच पॅनल बंद. काही सेकंदांनी पुन्हा लोगो, पुन्हा पट्टी, पुन्हा तोच पांढरा पडदा आणि पुन्हा काळोख. सात वेळा मोजले, मग मोजणे सोडून दिले.

हेल्पलाइनला फोन केला. केबल बदला म्हणाले, बदलली. दोन मीटरची, कॅट सिक्स, पाकिटातून नवी काढलेली. मग मागच्या छिद्रात पेपरक्लिप खुपसून फॅक्टरी रीसेट करा म्हणाले, केला. पुढच्या अकरा दिवसांत हा रीसेट मी सहा वेळा केला, कारण प्रत्येक वेळी फोनवर नवा माणूस आणि प्रत्येक नव्या माणसाचा पहिला प्रश्न 'मॅडम, लाइट येतोय का?' आणि दुसरा उपाय रीसेट. आधीच्याने काय सांगितले हे तिकिटात लिहिलेले असते, असे मी समजत होते. लिहिलेले असेलही. वाचलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खोलीतले दिवे बंद केले आणि दार ओढता ओढता सहज मागे बघितले, तर पॅनल चालू! मंद उजेडात स्वागताचा पडदा शांतपणे उभा. मी परत आत गेले, दिवा न लावता खुर्ची ओढली आणि चाळीस मिनिटे त्यावर काम केले. एकदाही बंद पडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना कौतुकाने दाखवायला नेले, दिवे लावले आणि पॅनलने मान टाकली. 'तुझ्याशी एकटीशीच बोलतंय ते,' असे एक सहकारी म्हणाले. हेल्पलाइनवर मी हाच प्रकार सविस्तर सांगितला. उत्तर आले, 'योगायोग असेल मॅडम, एकदा रीसेट करून बघा.'

योगायोग नव्हता. पॅनलच्या वरच्या कडेला मोहरीएवढा एक काळा ठिपका आहे. तो खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर. त्यावर अंगठा ठेवला की पडदा मंदावतो आणि पॅनल चालू राहते. अंगठा काढला की पडदा उजळतो आणि दोन सेकंदांत पॅनल बंद. भर दिवसा, सगळे दिवे लावून, अंगठ्याच्या जोरावर मी ते चार मिनिटे जिवंत ठेवले. त्यानंतर इन्शुलेशन टेपचा तुकडा त्या ठिपक्यावर चिकटवला आणि पुढचे दोन दिवस मीटिंगा तशाच झाल्या. पडदा इतका मंद, की म्यूटचे बटण शोधायला प्रत्येक जण पॅनलवर नाक टेकवायचा.

म्हणजे उजेड वाढला की पॅनल जास्त वीज ओढते आणि ती त्याला मिळत नाही, एवढे तर उघड होते. मग दोन स्क्रू काढून स्टँड सोडवला, कारण पॅनलचे लेबल आपण नेमके स्टँडच्या मागे चिकटवले आहे. त्यावर लिहिले आहे ८०२.३एटी, क्लास ४. आपल्याच खोक्यातल्या इंजेक्टरवर लिहिले आहे ८०२.३एएफ, १५.४ वॅट.

आपल्या अभियंत्यांना हे सांगावे लागू नये, पण तिकीट बंद करणाऱ्यांसाठी सांगते. एएफ हे केबलमधून वीज देण्याचे २००३ चे मानक. त्यात इंजेक्टरच्या टोकाला १५.४ वॅट आणि केबलमधली घट धरून उपकरणाच्या वाट्याला १२.९५ वॅटची हमी. एटी २००९ चे, त्यात ३० आणि २५.५. एटीच्या भुकेचे पॅनल एएफच्या ताटावर बसवले, तर दिवे मंद असेतो त्याचे भागते. बॅकलाइट पूर्ण पेटला की ओढ मर्यादेबाहेर जाते, इंजेक्टर वीज तोडतो, थोड्या वेळाने पलीकडे उपकरण आहे का ते पुन्हा चाचपतो, आहे असे दिसल्यावर पुन्हा वीज देतो. लोगो, पट्टी, पांढरा पडदा, काळोख. पॅनल बिघडलेले नाही आणि इंजेक्टरही बिघडलेला नाही. दोघांची जोडी आपण चुकीची लावलीत.

चुकीचा नग खोक्यात गेला, हे एक वेळ समजू शकते. पॅकिंगच्या टेबलावर दोन इंजेक्टर सारखेच दिसतात, चूक होऊ शकते. पण एटी वर्गाच्या उपकरणाला कमी क्षमतेचा पुरवठा मिळाला, तर त्याने आपली ओढ त्या मर्यादेत ठेवावी आणि वीज अपुरी असल्याचे वापरणाऱ्याला दाखवावे, असे त्या मानकातच आहे. आपले पॅनल यातले काहीच करत नाही. 'पुरवठा अपुरा आहे, इंजेक्टर तपासा' एवढी एक ओळ पडद्यावर आली असती, तर मी पहिल्याच दिवशी लेबल उलटून बघितले असते. माझी खरी तक्रार या न दिसलेल्या ओळीची आहे, इंजेक्टरची त्यानंतर.

ही गाठ सुटेपर्यंत पेअरिंगचे, म्हणजे पॅनल कोडेकशी जोडण्याचे, काम मी संध्याकाळी, अंधारात करत होते. तिथलेही थोडे सांगणे भाग आहे. पुस्तिकेत म्हटले आहे की कोडेक यादीत आपोआप दिसेल, त्यावर बोट ठेवा. आमच्या यादीत काहीच येईना, नुसते वर्तुळ फिरत राहायचे. कारण साधे आहे. आमची व्हिडिओची यंत्रणा एका व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात) आणि पॅनल दुसऱ्या. पॅनल कोडेकला हाका मारते त्या २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना हाक देणाऱ्या) पत्त्यावर, पोर्ट ५३५३, आणि ती हाक राउटर ओलांडून जात नाही. एवढ्या मोठ्या खोलीसाठीची यंत्रणा जिथे बसते, तिथे व्हीलॅन वेगळे असणे ही काही अपूर्वाई नाही. कोडेकचा आयपी ॲड्रेस हाताने टाकायची सोय आपण दिली आहे, पण ती कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांच्या आत, 'इतर' नावाखाली. पुस्तिकेत तिचा उल्लेखही नाही. मला ती सापडली, कारण वर्तुळ बघून कंटाळा आला आणि दिसेल ते दाबत सुटले.

आयपी टाकला, कोडेकचा बावीस अक्षरी पासवर्ड टाकला आणि उत्तर मिळाले 'कनेक्शन होऊ शकले नाही'. का, ते नाही. पासवर्ड चुकला असेल म्हणून पुन्हा टाकला, मग सहकाऱ्याला मोठ्याने वाचायला बसवून एकेक अक्षर टाकला. शेवटी पॅनलच्या माहितीच्या पानावर तारीख बघितली, तर १ जानेवारी १९७०. रीसेट केल्यावर घड्याळ शून्यावर गेले होते आणि कोडेकचे सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) या वर्षीचे, म्हणजे पॅनलच्या लेखी ते अजून लागू व्हायचे होते. पॅनल वेळ विचारायला थेट इंटरनेटवर जाते, पोर्ट १२३ वर, आणि आमचा फायरवॉल कोणत्याही उपकरणाला तसे जाऊ देत नाही. आमचा स्वतःचा टाइम सर्व्हर आहे, पण त्याचा पत्ता टाकायची जागा पेअरिंग झाल्यानंतरच्या मेनूत. म्हणजे घड्याळ लावायला आधी पेअरिंग हवे आणि पेअरिंगला आधी घड्याळ. शेवटी डीएचसीपीच्या, म्हणजे उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या, ४२ नंबरच्या ऑप्शनमधून सर्व्हरचा पत्ता दिला, तेव्हा पॅनल चालू वर्षात आले आणि कोडेकशी त्याची ओळख पटली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हेल्पलाइनच्या सांगण्यावरून पुन्हा रीसेट.

पॅनलवरून टीव्ही चालू होत नाही, अशीही एक तक्रार मी नोंदवली होती. ती मागे घेते. छतातून गेलेला एचडीएमआय एक्स्टेंडर आमचा आहे आणि तो सीईसीचा, म्हणजे एचडीएमआयमधून टीव्ही चालू-बंद करण्याचा, संदेश पुढे जाऊ देत नाही. हा दोष आमचा.

नवव्या दिवशी दोन्ही लेबलांचे फोटो आणि वरचा सगळा उलगडा मी आपल्या सपोर्टला मेल केला. उत्तराची वाट बघता बघता अकरावा दिवस उजाडला. मग मागच्या खोलीतल्या वायफाय ॲक्सेस पॉइंटचा एटी इंजेक्टर काढून पॅनलला लावला. टेप सोलून काढली, सगळे दिवे लावले, पडदा लख्ख उजळला आणि तसाच राहिला. तेव्हापासून पॅनल एकदाही बंद पडलेले नाही. त्याच संध्याकाळी आपला मेल आला, 'ग्राहकाने स्वतः निराकरण केले. तिकीट बंद करण्यात येत आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

मी तारे दिलेले नाहीत, हे पत्र देत आहे.

आमची मागणी मोठी नाही. योग्य क्षमतेचा इंजेक्टर आमच्याकडे पाठवावा आणि चुकीचा आपल्या खर्चाने परत न्यावा. बंद केलेले तिकीट उघडून त्यात खरे कारण लिहावे. 'ग्राहकाने निराकरण केले' हे कारण नव्हे, आणि तेवढ्यावर तिकीट बंद झाले तर पुढचा फोन घेणारा पुढच्या ग्राहकालाही पेपरक्लिपच हातात घ्यायला सांगणार. पॅकिंगच्या त्याच खेपेतली खोकी आणखी कुणाकडे गेली असतील, तर त्यांना आपणहून कळवावे. त्यांच्यातल्या कुणाची खोली अंधारी असेल, तर त्यांना अजून पत्ताच लागला नसेल. वीज अपुरी असल्याची सूचना पडद्यावर कधीपर्यंत येणार, ते फर्मवेअर विभागाकडून लेखी कळवावे. पुस्तिकेत हाताने आयपी टाकण्याचे आणि पेअरिंगआधी टाइम सर्व्हर देण्याचे पान घालावे, आणि तोवर निदान हेल्पलाइनवाल्यांपुढे तरी ते पान असावे. वॉरंटीचे दिवस खोके पोचल्या तारखेपासून न मोजता पॅनल खऱ्या अर्थाने चालू झाले त्या तारखेपासून मोजावेत. ती तारीख आपल्याच लॉगमध्ये सापडेल. १९७० सालच्या नोंदी तेवढ्या वगळा.

फोनवर बोललेल्या कुणाही व्यक्तीविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. सगळे आदराने बोलले. त्यांच्यासमोर जो कागद होता, त्यात इंजेक्टर हा शब्दच नसावा, असे मला वाटते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. दोन्ही लेबलांचे फोटो, सेन्सरवर अंगठा ठेवून आणि काढून घेतलेला चार मिनिटांचा व्हिडिओ आणि आजवरचा मेलव्यवहार सोबत जोडला आहे. इंजेक्टर मात्र त्याआधी पाठवता आला तर बघावे. मागच्या खोलीतले वायफाय तेव्हापासून बंद आहे आणि तिथे बसणारे मला रोज विचारत आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
नेटवर्क व यंत्रणा विभाग