गुरुत्वचक्र बनवणाऱ्या मुलास पत्र

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

केवळ वजनांच्या जोरावर आपोआप फिरत राहावे, अशा तुमच्या चाकाची तू पाठवलेली आरेखने आणि तुझ्या सहकाऱ्यांनी त्यांवर सुचवलेल्या दुरुस्त्या मी लक्षपूर्वक पाहिल्या. एकाने मूळ कल्पना मांडावी, दुसऱ्याने बिजागरीच्या दांड्यांचे कोन काढावेत, तिसऱ्याने संगणकावर चलन तपासावे आणि चौथ्याने लेथवर आस कातून द्यावा, ही तुमची कामाची रीत मला मनापासून आवडली. तू माझे स्पष्ट मत मागितले आहेस, म्हणून ते आधीच लिहिते. बाहेरून ऊर्जा न घेता हे चाक फिरत राहणार नाही. दांड्या सोळाच्या चोवीस केल्या, बेअरिंग अधिक गुळगुळीत घातले किंवा वजनांच्या जागी पारा भरला, तरी हे उत्तर बदलणार नाही.

कारण तुझ्याच आरेखनात आहे. उतरत्या बाजूच्या दांड्या उलगडून वजने आसापासून दूर जातात आणि चढत्या बाजूच्या दांड्या मिटून ती जवळ येतात, म्हणून उतरती बाजू जड पडेल, असा तुमचा तर्क आहे. पण कोणत्याही एका क्षणी चाक थांबवून दोन्ही बाजूंची वजने मोज. समज, सोळांऐवजी आठच वजने आहेत, त्यांपैकी उजवीकडे तीन वजने आसापासून सरासरी 50 सेंटिमीटरवर आहेत आणि डावीकडे तशीच पाच वजने सरासरी 30 सेंटिमीटरवर आहेत. वजनांची संख्या आणि अंतर यांचे गुणाकार दोन्हीकडे 150 येतात, म्हणजे आघूर्ण (चाक फिरवण्याचा जोर) समतोल होते. वजने दूर गेली की त्या बाजूला त्यांची संख्या घटते, हे अशा प्रत्येक रचनेत घडते. चाकाला अशी एखादी स्थिती सापडतेच आणि थोडे झुलून ते तिथे स्थिरावते.

याहून मूलभूत गोष्ट एका वजनाची आहे. एक किलोग्रॅमचे वजन एक मीटर खाली आले की गुरुत्वाकर्षण सुमारे 9.8 जूल कार्य करते, आणि तेच वजन पुन्हा तेवढे वर नेताना नेमके तेवढेच कार्य परत द्यावे लागते. मधला मार्ग सरळ असो, वक्र असो वा तुमच्या दांडीने आखलेला वेडावाकडा असो, फरक पडतो तो केवळ उंचीतील अंतराने, आणि पूर्ण फेरीनंतर ते अंतर शून्य असते. म्हणजे घर्षण अजिबात नसते, तरीही फेरीअंती हाती काही उरले नसते. शिवाय दांडी उलगडून अडसरावर आदळते तेव्हा होणारा आवाज आणि तिथे निर्माण होणारी उष्णता यांत चाकाचीच गती खर्च होते. म्हणून अशी चाके बहुधा साध्या चाकापेक्षा लवकर थांबतात.

संगणकावरचे चाक वेग घेत गेले, असे तू लिहिले आहेस. त्याने हुरळून जाऊ नकोस. अशा आज्ञावल्या काळाचे छोटे छोटे तुकडे पाडून पुढची स्थिती काढतात, आणि त्यातील ऑयलरच्या सरळ पद्धतीत, म्हणजे आताच्या वेगावरूनच पुढची जागा काढण्याच्या रीतीत, झुलणाऱ्या वस्तूची ऊर्जा प्रत्येक पायरीला किंचित वाढत जाते. ही वाढ गणिताच्या ढोबळपणातून येते. सहकाऱ्याला कालांतर निम्मे करून तेच चाक पुन्हा चालवायला सांग, मग आणखी निम्मे करायला सांग. लाभ खरा असेल तर तो टिकेल, आणि गणिताचा असेल तर प्रत्येक वेळी घटत जाईल. ही तपासणी झाल्याशिवाय कोणीही लोखंड कापू नये, असे मला वाटते.

तुम्ही ज्या वाटेवर आहात ती फार जुनी आहे, आणि तिच्यावर सामान्य बुद्धीची माणसेच चालली असे मुळीच नाही. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात आणि भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘सिद्धांतशिरोमणी’मध्ये पाऱ्याने चालणाऱ्या स्वयंवह चक्राचे वर्णन केले आहे. त्यात हलक्या लाकडाचे चाक, समान अंतरावर बसवलेले किंचित वाकलेले पोकळ आरे आणि त्यांत अर्ध्यापर्यंत भरलेला पारा आहे. तेराव्या शतकात फ्रान्समधील व्हिलार द ओनकूर याने विषम संख्येतील हातोड्यांचे चाक रेखाटले. लिओनार्दो दा व्हिंची याने अशा चाकांचा बारकाईने अभ्यास केला आणि शेवटी या शोधाचाच निषेध केला. सायमन स्टेव्हिन याने मात्र 1586 मध्ये प्रश्न उलटा केला. त्रिकोणी आधारावर टाकलेली गोळ्यांची माळ आपोआप फिरत राहू शकत नाही, एवढेच गृहीत धरून उतरणीवरील समतोलाचा नियम त्याने सिद्ध केला. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

तुमच्या गटात योहान बेस्लर याचे, म्हणजे आपोआप फिरणारे चाक बनवल्याचा दावा करणाऱ्या जर्मन माणसाचे, नाव वारंवार निघते, तेव्हा त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. त्याचे सुमारे बारा फूट व्यासाचे चाक 1717 मध्ये जर्मनीतील कासेलजवळच्या वाड्यात मोहोरबंद खोलीत ठेवले होते, आणि नोंदींनुसार चौपन्न दिवसांनंतरही ते फिरताना आढळले. परंतु त्याने आतील रचना उघडून दाखवली नाही, कारण त्यासाठी आधी त्याला मोठी रक्कम हवी होती. 1721 मध्ये डच पदार्थवैज्ञानिक विलेम स् ग्राव्हेसांडे याने चाकाचा आस तपासला, तेव्हा फुकटात गुपित काढून घेतले जात असल्याच्या संशयाने बेस्लरने ते यंत्र स्वतःच मोडून टाकले. पुढे त्याच्या मोलकरणीने चाक शेजारच्या खोलीतून हाताने फिरवले जात असे, अशी साक्ष दिली. याउलट ग्राव्हेसांडेने लगेचच मऊ मातीवर पितळी गोळे टाकून पाहिले आणि वेग दुप्पट झाला की मातीतील खळगा चौपट होतो, हे उघडपणे मांडले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, या समजुतीचा हा एक भक्कम आधार ठरला. अशा चाकावर विश्वास ठेवू पाहणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले, कारण त्याचा प्रयोग कोणालाही पुन्हा करून पाहता येत होता.

त्यामुळे गट सोड, असे मी सांगणार नाही. तुम्ही आपल्या चाकासाठी एक उघडी कसोटी ठरवा, एवढेच माझे मागणे आहे. आसावर दोरी गुंडाळून तिला दोन किलोग्रॅमचे वजन बांधा आणि ते एक मीटर खाली पडू द्या. चाकाला प्रत्येक वेळी सुमारे 19.6 जूलच मिळतील, फक्त दोरी शेवटी सुटून पडली पाहिजे. प्रथम चाकाची सर्व वजने सममितीने घट्ट बांधून किती फेऱ्या होतात ते मोजा, मग ती मोकळी सोडून मोजा. मोकळे चाक नेहमी स्वतःहून स्थिर झालेल्या जागेवरूनच सुरू करा, कारण हाताने वजने वर लावून सोडले तर ती जादा ऊर्जा तुम्हीच दिलेली असते आणि हिशोबात मात्र येत नाही. मोकळ्या वजनांच्या फेऱ्या वारंवार अधिक भरल्या, तरच पुढच्या रचनेविषयी बोलता येईल. कोणता आकडा आल्यास ही रचना सोडून द्यायची, हे चाक फिरवण्यापूर्वी सर्वांच्या सहीने लिहून ठेवा. नंतर ठरवू म्हटले की प्रत्येकाला दोष बेअरिंगमध्ये दिसू लागतो.

आणखी एक बाब गंभीर आहे. ही कसोटी होईपर्यंत बाहेरच्या कोणाकडूनही पैसे घेऊ नका, वर्गणी म्हणूनही नाही आणि भागीदारी म्हणूनही नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्ये अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणेच बंद केले, तेव्हा या शोधापायी अनेक कुटुंबे धुळीला मिळाल्याचे कारणही तिने नोंदवले होते. तुम्ही परस्परांवर विश्वास ठेवून आपले सुट्टीचे दिवस खर्च करता, ते तुमचे आहेत. दुसऱ्याची बचत तुमची नाही, आणि या बाबतीत तुझ्या सहकाऱ्यांचे मन मोडले तरी तू ठाम राहावेस, अशी माझी इच्छा आहे.

वजने बांधून आणि मोकळी सोडून, अशी दोन्ही प्रकारची किमान दहा-दहा वाचने घेऊन कोष्टक मला पाठव. त्यात बेअरिंगचा प्रकार, चाकाचे एकूण वजन आणि प्रत्येक दांडीची लांबी लिही, म्हणजे आसावरील घर्षण किती आणि अडसरांवरील आघातांत किती गेले, हे मी इकडे वेगळे काढून देईन.

तुझी,
आई