माळावर झाडे नकोत, गवत राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या अंकात वृक्षारोपणाची छायाचित्रे झळकू लागतात. ती यंदा येण्याआधीच हे पत्र लिहीत आहे. झाडे लावण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतील माळरानांवर ती लावण्याला.

सरकारी नोंदींत गवताळ माळ बहुधा ‘पडीक’ जमिनीत मोडतो आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते. उन्हाळ्यात तो बोडका दिसतो हे खरे. पण पावसाच्या दोन-चार सरी पडल्या की त्यावर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते उभी राहतात. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, चंडोल गवताच्या ठोंबाशी घरटे करतो. यांपैकी कुणालाच झाड लागत नाही. उलट मोकळ्या माळावर वाढलेले झाड म्हणजे अंडी हेरणाऱ्या कावळ्यासाठी आयते मचाण.

माळढोक पक्ष्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा क्षेत्र होते सुमारे 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आल्याने लोकांचा रोष ओढवला आणि पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. हद्दीचा हा वाद वर्षानुवर्षे गाजला, गवताबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलले. या अभयारण्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजच्या परिसरातही एकेकाळी गिरिपुष्पाच्या झाडांची लागवड झाली होती! विणीच्या हंगामात बहुधा एकच अंडे, तेही जमिनीवर घालणारा हा पक्षी आज देशात दीडशेच्या आत उरला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. उसाचे वाढलेले क्षेत्र आणि विजेच्या तारा हीदेखील त्यामागची कारणे आहेत, हे मान्यच. तरीही माळ नाहीसा होणे हे त्यातले मोठे कारण आहे.

मी स्वतः मोहोळ तालुक्यातील एका माळावर अनेक हिवाळे संध्याकाळी जात असे. मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी दिवसभर आसपासच्या शिवारांत नाकतोडे टिपत आणि सूर्य मावळताना एकेक करून गवतात उतरत. हा शिकारी पक्षी रात्र जमिनीवरच काढतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. पुढे त्या माळावर यंत्राने खड्डे व चर खोदून रोपे लावण्यात आली. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक रोपे वाळली. खड्डे आजही तसेच आहेत, गवत परतलेले नाही आणि त्यानंतरच्या हिवाळ्यांत मला तेथे भोवत्या उतरताना दिसलेला नाही.

म्हणून विनंती इतकीच, की लागवडीची जागा ठरवताना त्या माळावर मेंढरे चारणाऱ्या धनगरांना आणि स्थानिक पक्षीनिरीक्षकांना आधी विचारावे. रोपे ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, गावठाणात, शाळेच्या आवारात खुशाल लावावीत. तेथे पाणी घालायला माणसेही असतात. आपल्या वार्ताहरांनीही लागवडीची बातमी देताना ‘रोपे किती’ यासोबत ‘त्या जागी आधी काय होते’ हेही विचारावे.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक वाचक, सोलापूर